चोविसावा दिवस

वेर्ण्याच्या कारखान्यात मी गोळ्या भरते.
म्हणजे यंत्र भरतं. मी बघते,
एकही कप्पा रिकामा जाऊ नये.
रिकामा गेला की लाल दिवा लागतो,
पट्टा थांबतो,
आणि परब सुपरवायझर चष्मा कपाळावर चढवून येतात.

माझ्या महिन्याला असा दिवा नाही.

चोविसाव्या दिवशी मी आविलाशी भांडले.
कारण, बन.
नाक्यावरच्या गाड्यावरून तिनं दोन आणलेले,
मी आंघोळ करून येईतो एक संपवला
आणि दुसऱ्याचा कोपरा तोडला.
गोल बनाला कोपरा कुठला गो, म्हणाली, हसली,
आणि मी स्टीलचा डबा भिंतीवर फेकला.
मग त्याच भिंतीला पाठ लावून रडले,
डब्याला पोचा आला म्हणून.
छाती दुखत होती, बोटातली अंगठी निघत नव्हती,
आणि जगात एकही माणूस माझं नव्हतं.

चार दिवसांनी पाळी आली.
बन पुन्हा नुसता बन झाला.

आविलाची मावसबहीण जॅसिंता बांबोळीला नर्स.
रविवारी आली, सुंगटं सोलत बसली,
आणि सोलता सोलता विचारत गेली.
झोप?
एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री.
चहा?
मोजत नाही.
मोज.
(मोजले. रात्रपाळीत सात, शेवटचा पहाटे चारला,
यंत्रातला, साखर त्यानंच घातलेली.)
जेवण?
मी शेवेची पुडी दाखवली.
चालतेस?
बसपासून गेटपर्यंत.
घरात कुणाला असं?

गावडोंगरीला, महिन्यातले दोन-तीन दिवस,
आई कुळागरात जाऊन झावळ्या ओढत राहायची.
ओढायच्या नसलेल्यासुद्धा.
बाबा म्हणत, आज तिच्या वाटेला जाऊ नका,
नदीला पूर आल्यावर सांगतात तसं.
मी नऊ वर्षांची. पायरीवर बसून
आदल्या दिवसाचे माझे गुन्हे आठवायची.
पाटी फोडली. खोटं बोलले. भाताला नावं ठेवली.
काही ना काही सापडायचंच.

जॅसिंतानं हात धुतले, वासासाठी लिंबू चोळलं.
म्हणाली, आग कुणी लावली ते विचारू नको,
ते आम्हालाही नीट ठाऊक नाही.
ही जागरणं, हा चहा, हे खारट, ही सगळी फुंकणी.
फुंकणी तुझ्या हातात आहे.
सगळी नाही. थोडी.
आणि डबे फार फुटायला लागले तर ये,
डॉक्टरीणबाईंकडे नेते. लाजायचं नाही.

उरलेली फुंकणी परबांच्या हातात.
पाळ्यांची यादी तेच लावतात.
अर्ज आणला. ‘कारण’ या शब्दापुढे
दीड इंच जागा.
‘वैयक्तिक’ लिहिलं. खोडलं.
‘तब्येत’ लिहिलं. तेही खोडलं.
शेवटी खरं लिहिलं, अक्षर बारीक करत,
तरी समासाच्या बाहेर गेलं.
दिवसाला चाळीस हजार गोळ्या पुढे सरकतात माझ्यासमोर,
पोटदुखीच्याच,
आणि तो एक शब्द लिहिताना
मी दार लावून घेतलं होतं.

रात्री आईला फोन केला.
आई, तुला कितव्या दिवशी व्हायचं?
काय?
ते. झावळ्यांचं.
पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.
बराच वेळ काही नाही,
मग इतक्या हळू, की बाबा जवळच असावेत,
म्हणाली,
त्याचे दिवस मोजायचे असतात होय?

अर्ज अजून परबांच्या खणात आहे.
चहा चारवर आलाय, कधी पाच.
सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी लोटलीच्या रस्त्यानं चालतो,
आविला मागे पडते, शिव्या देते.
भिंतीवरच्या कॅलेंडरात तिच्या अक्षरात
एका चौकोनात लिहिलंय: डबे लपवणे.

आज एकविसावा.
तिनं बन आणलेत. चार.